मोकळ्या प्लॉटवरची मोजदाद

मोशीच्या प्रदर्शन केंद्राच्या आसपास, चिखलीत, तळवड्यात आणि पुढे इंद्रायणी ओलांडून कुरुळी-निघोज्याकडे गेलं की एका प्रकारची जमीन सारखी भेटत राहते. तारेचं किंवा पत्र्याचं कुंपण, 'सदर जागा अमुक यांच्या मालकीची आहे' असा रंग उडालेला बोर्ड, एका कोपऱ्यात कोणीतरी रात्री आणून टाकलेला राडारोडा आणि बाकी सगळीकडे कमरेएवढं गवत. कागदावर ही जमीन औद्योगिक असते, निवासी असते किंवा आरक्षित असते. लोकांच्या तोंडी मात्र तो 'मोकळा प्लॉट'. भाद्रपद-आश्विनात या मोकळ्या प्लॉटवरच्या गिनी गवताला आणि सावाला तुरे येतात, दाणा भरतो, आणि जेमतेम दहा-बारा ग्रॅम वजनाचे पक्षी त्या तुऱ्यांवर लोंबकळायला लागतात. गवताची काडी त्यांच्या भारानं वाकते, पण मोडत नाही.

या मनोल्या. पिंजऱ्यांच्या बाजारात त्यांना मुनिया म्हणतात. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात त्यांच्या तीन जाती नेमानं दिसतात. ठिपकेवाली मनोली सगळ्यांत परिचयाची. चॉकलेटी पाठ, आणि पांढऱ्या छातीवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. पांढऱ्या कंठाची मनोली मातकट रंगाची. चोच जाड आणि रुपेरी, शेपूट काळं आणि टोकदार. तिला कोरडं रान आवडतं, म्हणून चाकणच्या बाभळींत ती जास्त. तिसरी लाल मनोली. ती नदीकाठच्या पाणकणसात आणि उंच ओलसर गवतात राहते. पावसाळ्यात तिचा नर लालभडक होतो आणि त्यावर पांढऱ्या टिकल्या उमटतात. विणीचा हंगाम सरला की हाच नर तपकिरी पडतो आणि मादीपासून ओळखू येईनासा होतो. काळ्या डोक्याची मनोली अधूनमधून दिसते, आणि दिसली की पक्षीनिरीक्षकांचे फोन वाजायला लागतात.

शास्त्राच्या काटेकोर अर्थानं या फिंच नव्हेत. खऱ्या फिंच कुळातला रोझफिंच हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्याकडे उतरतो आणि उन्हाळ्याआधी परत जातो. मनोल्यांचं कुळ वेगळं, सुगरणीचं वेगळं, चिमणीचं आणखी वेगळं. तरी या सगळ्यांची चोच दाणा फोडायची, जाड आणि शंकूसारखी. त्यामुळे सामान्य बोलण्यात त्या फिंचच्या गोतावळ्यात मोडतात आणि त्यांची मोजणी करताना अडचणीही सारख्याच येतात. या प्रकरणापुरता आपण हा गोतावळा एकत्र धरू.

आता प्रश्न असा, की ही मोजणी करायची कोणी? महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरातल्या झाडांची गणना दर पाच वर्षांनी करणं बंधनकारक आहे. महापालिका निविदा काढते, माणसं फिरतात, झाडांची नोंद होते. गवताला असा कोणी वाली नाही. वनखात्याचं लक्ष वनजमिनीवर, एमआयडीसीचं भूखंडावर, पालिकेचं डासांच्या तक्रारींवर. तक्रारी वाढल्या की जेसीबी येतो आणि ऐन दाण्याच्या हंगामात प्लॉट साफ होतो. त्या गवतावर कोण जगत होतं, याचा हिशेब कोणत्याही खात्याच्या फायलीत नसतो. तो असलाच तर सकाळी दुर्बीण घेऊन निघणाऱ्या, पगार न घेणाऱ्या माणसांच्या वहीत असतो. पट्ट्यात दुर्बीणवाला दिसला की पहिला प्रश्न ठरलेला: "काय साहेब, मोजणी आली काय?" जमिनीचे भाव जिथं दर दिवाळीला बदलतात, तिथं हा प्रश्न स्वाभाविकच. आणि उत्तरही एका अर्थानं 'हो' असंच असतं.

थवा मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. गवतात शिरलेल्या मनोल्या दिसतच नाहीत. हलणारे तुरे दिसतात. तुम्ही सहा मोजता, दोन पावलं पुढे जाता आणि चाळीस उडतात. म्हणून जाणकार माणूस आधी उभा राहतो. थव्याला एक सवय असते: एका टोकाचे पक्षी उडून पुढच्या टोकाला जाऊन बसतात, मग मागे राहिलेले त्यांच्या डोक्यावरून आणखी पुढे. अशी ही रांग एखाद्या मोकळ्या फटीवरून, वाटेवरून किंवा तारेवरून जाते तेव्हा ती मोजायची. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, दहाचा पुंजका डोळ्यात केवढा दिसतो ते मनात धरायचं, आणि मग पुंजके मोजत जायचं. थवा मिश्र असला तर एकूण आकडा आधी, जातींची वाटणी नंतर. यंदा जन्मलेली पिल्लं सरसकट फिकट तपकिरी असतात, ठिपक्यांचा पत्ता नसतो. त्यांच्यावर उगाच जातीचं लेबल लावू नये. 'मनोली, जात अनिश्चित' असं लिहिणं हा कमीपणा नाही. माझ्या मते नवशिक्या आणि मुरलेल्या मोजणाऱ्यात हाच फरक असतो. नवशिक्याच्या यादीत प्रत्येक पक्ष्याला नाव असतं.

कान हाही मोजणीचा अवयव आहे. मनोलीचा आवाज बारीक, वरच्या पट्टीतला. वय वाढलं की हीच पट्टी आधी ऐकू येईनाशी होते. त्यात नाशिक महामार्गावर कंटेनरची रांग लागलेली असेल तर तरण्या कानालाही थवा डोक्यावरून गेलेला कळत नाही. त्यामुळे गोंगाटाच्या जागी कमी मनोल्या नोंदवल्या गेल्या तर त्या खरोखर कमी होत्या, की कमी ऐकू आल्या, हे आकड्यावरून ठरवता येत नाही. म्हणून आकड्यासोबत काही गोष्टी लिहाव्याच लागतात: किती वाजता सुरुवात केली, किती वेळ होतो, किती चाललो, किती जण होतो, आणि जे दिसलं-ऐकलं ते सगळं लिहिलं की निवडक.

या पट्ट्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. क्वालिटी विभागात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असतं, की आज पाच पीस रिजेक्ट झाले, एवढ्यानं काहीच कळत नाही. किती तपासले? कोणत्या शिफ्टला? कोणत्या गेजनं? पन्नासात पाच आणि पाच हजारांत पाच यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि ज्या दिवशी एकही रिजेक्ट नाही, त्या दिवशीचा कागदही भरावाच लागतो. तो दिवस कोरा सोडला तर वर्षाच्या शेवटी टक्केवारी निघत नाही. पक्ष्यांच्या मोजणीत नेमका हाच कागद लोक भरत नाहीत. मनोली दिसली तर उत्साहानं नोंद करतात, नाही दिसली तर 'आज काही नव्हतं' म्हणत चहाला जातात.

हा शून्याचा कागद केवढ्या मोलाचा असतो, ते एका परदेशी गोष्टीतून फार चांगलं कळतं. अमेरिकेच्या पश्चिम भागात हाउस फिंच नावाचा एक पक्षी आहे. नराचं डोकं आणि छाती तांबूस, बाकी सगळा चिमणीसारखा. १९४० मध्ये न्यूयॉर्कचे पक्षीविक्रेते त्याला 'हॉलिवूड फिंच' असं झकपक नाव देऊन विकत होते. हा व्यापार बेकायदा होता. कारवाई होणार असं दिसताच लाँग आयलंडवर काही पक्षी सोडून देण्यात आले. त्या मूठभर पक्ष्यांची संतती पुढच्या पन्नास वर्षांत अमेरिकेचा पूर्व भाग व्यापून बसली. अंगणात टांगलेल्या दाण्याच्या भांड्यांवर ती सर्रास दिसू लागली.

१९९४च्या सुरुवातीला वॉशिंग्टनच्या आसपासच्या लोकांना आपल्या अंगणातले काही हाउस फिंच डोळे सुजलेले, चिकटलेले दिसले. आंधळे झाल्यासारखे ते भांड्याच्या काठावर बसून राहत. कोंबड्यांना आजारी पाडणारा मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू या रानपक्ष्यात शिरला होता. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेनं त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अंगणवाल्यांना कामाला लावलं. मागणी साधी होती. तुमच्या भांड्यावर हाउस फिंच आले का, आणि त्यांत आजारी होते का, ते रोजच्या रोज नोंदवा. एकही आजारी नसेल तरी लिहा. एकही फिंच आला नसेल तरी लिहा.

लोकांनी लिहिलं. गृहिणींनी लिहिलं, निवृत्त शिक्षकांनी लिहिलं, शाळकरी पोरांनी लिहिलं. 'आमच्याकडे सगळे ठणठणीत' असे हजारो कंटाळवाणे कागद आले आणि त्यांच्याचमुळे नकाशा तयार झाला. कोणत्या महिन्यात रोग कुठवर पोचला होता आणि कुठं अजून पोचला नव्हता, हे दिसू लागलं. 'नव्हता' हा अर्धा भाग फक्त निरोगी पक्ष्यांच्या नोंदींतून येऊ शकत होता. तीन-चार वर्षांत साथीनं जवळजवळ सगळा पूर्व भाग गाठला. याच्या जोडीला दुसरा एक जुना साठा उपयोगी पडला. तिकडे १९०० सालापासून नाताळच्या सुमारास स्वयंसेवकांची पक्षीगणती चालत आली आहे. पहिल्या वर्षी सत्तावीस माणसं होती. साथीच्या आधीचे हाउस फिंचचे आकडे त्या गणतीत आयते मिळाले. दोन्ही बाजू जुळवून आंद्रे डॉन्ट आणि वेस्ली होचाचका या संशोधकांनी २००० साली मांडलेला निष्कर्ष असा: जिथं पक्षी दाट होते तिथं घट सगळ्यांत मोठी झाली, आणि शेवटी दाट-विरळ सगळ्या भागांतली संख्या जवळपास सारख्या पातळीला येऊन थांबली. रोगाचा फैलाव पक्ष्यांच्या दाटीवर अवलंबून असतो, हे रानपक्ष्यांत एवढ्या मोठ्या प्रदेशावर क्वचितच दाखवता आलं होतं. आणि त्यामागे अंगणातल्या भांड्याकडे बघत बसलेली माणसं होती.

ब्रिटनमध्ये याचीच दुसरी आवृत्ती घडली. तिथल्या ग्रीनफिंचला २००५-०६ पासून घशाच्या एका परजीवी रोगानं गाठलं. बागेतल्या पक्ष्यांची आठवड्यागणिक नोंद ठेवणारी स्वयंसेवकांची योजना तिथं १९९५ पासून चालू होती, म्हणून घसरण सुरू होताच ती पकडता आली. काही वर्षांत लाखो पक्षी गेले आणि २०२१ मध्ये ग्रीनफिंच ब्रिटनच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. या दोन्ही गोष्टींतला एक धागा आपल्या बाल्कनीपर्यंत येतो. दाण्याचं भांडं आणि पाण्याचं मातीचं ताट हेच संसर्गाचं ठिकाण ठरू शकतं. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाणी ठेवणाऱ्यांची संख्या आपल्याकडे खूप आहे. ताट रोज घासून पाणी बदलणाऱ्यांची किती असेल, याविषयी मला दाट शंका आहे.

आपल्याकडे लोकांच्या मोजणीचा पहिला मोठा गाजावाजा झाला तो चिमणीच्या निमित्तानं. २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून पाळला जातो आणि त्यामागे नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांची संस्था आहे. २०१२च्या उन्हाळ्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि इतर संस्थांनी मिळून 'सिटिझन स्पॅरो' नावाची मोहीम चालवली. चिमण्या आज दिसतात का, आणि पूर्वी दिसायच्या का, असं लोकांना विचारलं. दहा हजारांहून जास्त नोंदी आल्या. आजच्यापेक्षा पूर्वीच्या चिमण्या जास्त, असा त्यांचा एकूण सूर होता. मोहिमेचं श्रेय मोठं आहे. हजारो माणसांना तिनं पहिल्यांदा नोंद करायला लावली. तरी 'लहानपणी आमच्या वाड्यात किती चिमण्या होत्या' ही आठवण आणि 'आज सकाळी सात ते सव्वासात किती दिसल्या' हा आकडा एका तराजूत घालताना हात जरा थरथरतो. आठवणीतल्या चिमण्या कोणी मोजलेल्या नसतात.

पुढे आलेल्या पद्धतीनं आठवणीला बाजूला ठेवलं. फेब्रुवारीत चार दिवस चालणारी 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' ही जागतिक गणती भारतात २०१३ पासून होते. किमान पंधरा मिनिटं पक्षी पाहायचे आणि दिसलेल्या सगळ्या जाती लिहायच्या, एवढाच नियम. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला हा आठवडा राज्य सरकारनं २०२० मध्ये जाहीर केला. या निमित्तांनी आणि एरवी वर्षभर ई-बर्ड या संकेतस्थळावर भरलेल्या याद्यांतून 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल निघाला, आधी २०२० मध्ये आणि मग २०२३ मध्ये. दुसऱ्या अहवालासाठी तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी वापरल्या आणि ९४२ जातींचा विचार केला.

त्यातलं गणित कोणालाही समजेल असं आहे. देशात किती मनोल्या आहेत, हा प्रश्न विचारतच नाहीत, कारण त्याचं उत्तर कोणी देऊ शकत नाही. प्रश्न असतो: एखाद्या भागातल्या शंभर पूर्ण याद्या घेतल्या तर त्यांतल्या किती याद्यांत ही जात आहे? आणि पाच वर्षांनी पुन्हा शंभर घेतल्या तर? याद्या दुप्पट झाल्या तरी टक्का दुप्पट होत नाही. म्हणून मोबाइल आल्यानं निरीक्षक वाढले, तरी तुलना बिघडत नाही. मात्र यासाठी यादी पूर्ण हवी. जो फक्त गरुड आणि लाल मनोली लिहितो आणि कबुतर-कावळा गाळतो, त्याच्या यादीतून काय नव्हतं ते कळत नाही.

या पद्धतीनं २०२०च्या अहवालात चिमणीचं चित्र जरा वेगळं निघालं. देशभरात तिची संख्या आधीच्या पाव शतकात साधारण स्थिर. सहा महानगरांत मात्र घट. ती सहा म्हणजे मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि हैदराबाद. पुणे-पिंपरी त्यांत नाही. २००१ मध्ये दहा लाखांच्या घरात असलेलं पिंपरी-चिंचवड २०११च्या जनगणनेत सतरा लाखांवर गेलं. इतक्या वेगानं वाढलेल्या शहरातल्या चिमण्यांचं काय झालं, हे शहरानं स्वतःच मोजून ठेवायला हवं होतं. २०२३च्या अहवालातली आणखी एक गोष्ट या पट्ट्याला लागू पडते: गवताळ आणि उघड्या माळरानांवर विसंबून असलेल्या पक्ष्यांत मोठी घट आहे. मनोल्या माळढोकासारख्या नाजूक नाहीत, त्यांना शहराच्या कडेचं गवतही चालतं. पण गवत लागतं.

सुगरणीची मोजणी हा वेगळाच खेळ आहे. पक्षी मोजायची गरज नाही, खोपे मोजले की झालं, असं पहिल्यांदा वाटतं. खोपे लांबून दिसतात, पळून जात नाहीत, मुलांनाही मोजता येतात. शाळांच्या उपक्रमात म्हणूनच सुगरण लाडकी. पण खोप्यांची संख्या म्हणजे जोड्यांची संख्या नव्हे. याचं कारण १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीममध्ये शोधलं गेलं. सालिम अली जर्मनीतून शिकून परतले होते आणि त्यांची मुंबईच्या संग्रहालयातली जागाच रद्द झाली होती. नोकरी नाही, म्हणून ते किहीमच्या घरी राहिले आणि जवळच्या सुगरणींच्या वसाहतीकडे दिवसचे दिवस बघत बसले. त्यांना दिसलं ते असं. खोपा नर विणतो, मादी नाही. तो अर्धा झाला, म्हणजे शिरस्त्राणासारखा उलटा टोप तयार झाला, की माद्या पाहणीला येतात. पसंत पडला तर मादी तो ताब्यात घेते, नर उरलेलं काम पुरं करून देतो आणि लगेच दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. पसंत पडला नाही तर अर्धा टोप तसाच लटकत राहतो. पुढे व्ही. सी. आंबेडकर यांनी भारतातल्या सुगरण-कुळावर सविस्तर काम केलं. ते मुंबई विद्यापीठानं १९६४ मध्ये पुस्तकरूपानं काढलं.

तेव्हा बाभळीवर वीस खोपे लटकत असतील तर नुसतं 'वीस' लिहून भागत नाही. अर्धे टोप किती, खाली लांब नळी असलेले पुरे किती, हिरवे किती आणि मागच्या वर्षीचे वाळलेले किती, असे निरनिराळे लिहावे लागतात. हिरवा खोपा यंदाचा. आठवड्याभरात तो पिवळा पडायला लागतो. नर किती हे वेगळं मोजायचं, आणि ते सोपं आहे, कारण पावसाळ्यात त्याचं डोकं आणि छाती पिवळीधमक होते. टोपापर्यंतच्या कामाला साधारण आठ दिवस आणि पुऱ्या खोप्याला अठरा, म्हणजे दहा-बारा दिवसांच्या अंतरानं दोन फेऱ्या केल्या तर वसाहत पुढं सरकतेय की अडलीय ते कळतं. खोपे बहुधा झाडाच्या पूर्वेकडच्या अंगाला असतात, नैर्ऋत्येच्या पावसाळी वाऱ्याच्या आडोशाला. पश्चिमेच्या रस्त्यावरून गाडीतूनच मोजणाऱ्याला अर्धी वसाहत दिसणार नाही. आणि वाळलेला खोपा म्हणजे रिकामा खोपा असंही नाही. पांढऱ्या कंठाच्या मनोल्या सुगरणीच्या जुन्या खोप्यांत अंडी घालतात आणि रात्री पाच-सहा जणी एकाच खोप्यात झोपतात. सुगरण गेली की मनोलीच्याही घराची अडचण होते. हे नातं दोन्ही मोजण्या एकत्र केल्याशिवाय दिसत नाही.

चाकणच्या बाजूला सुगरणीला आवडतं ते सगळं होतं: विहिरीवर वाकलेली बाभूळ, ओढ्याकाठची शिंदी, जवळ बाजरीचं शेत. बाजरी-ज्वारीची राखण करणाऱ्या शेतकऱ्याला थवा केवढा, कोणत्या दिशेनं येतो, कोणत्या पंधरवड्यात येतो, हे तोंडपाठ असायचं. गोफण हातात असल्यामुळे त्याची नजर अर्थात मित्राची नव्हती, पण मोजणी चोख होती. गट जमवायचा असेल तर अशा दोन-चार जुन्या माणसांना धरावं. शेत गेलं तरी कोणत्या विहिरीवर खोपे असायचे, ते त्यांना अजून सांगता येतं. हीही आठवणच, पण ती जागेची आठवण आहे, संख्येची नाही. जागेच्या बाबतीत माणूस सहसा चुकत नाही.

स्वयंसेवकांच्या मोजणीवर टीकाकार एक आक्षेप घेतात आणि तो खरा आहे. लोक छान ठिकाणी जातात. पवना धरण, कासारसाई, तळ्यांचे काठ इथल्या याद्या ढिगानं सापडतील. चाकण एमआयडीसीच्या एखाद्या टप्प्यातल्या आतल्या रस्त्यावर, जिथं दोन्ही बाजूला ट्रेलर उभे असतात, तिथं सकाळी सातला कोण जाणार? वारही तसाच. याद्या रविवारी भरतात. या पट्ट्यात त्याला एक नैसर्गिक उतारा आहे. भोसरी-पिंपरीच्या बऱ्याच कारखान्यांना सुटी गुरुवारी असते. फर्स्ट शिफ्टवाला संध्याकाळी मोकळा, नाइटवाला सकाळी. त्यांनी भरलेल्या याद्या रविवारच्या याद्यांनी राहिलेल्या जागा भरून काढतात. शिवाय त्यांना आतले रस्ते ठाऊक असतात आणि गेटवर अडवत नाहीत.

दुसरा उतारा केरळनं करून दाखवला. २०१५ ते २०२० या काळात तिथं हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी अख्ख्या राज्याचा पक्षी-ॲटलास केला. राज्याचे चौकोन पाडले, चिठ्ठी टाकावी तसे त्यांतले निवडले आणि ज्याच्या वाट्याला जो चौकोन आला तिथं त्यानं जायचं, कोरड्या हंगामात एकदा आणि पावसाळ्यात एकदा. चौकोनात रबराचा मळा असो की बसस्थानक. पंचवीस हजारांवर याद्या झाल्या. खेड आणि हवेली तालुक्यांच्या औद्योगिक पट्ट्याला याची छोटी आवृत्ती सहज पेलेल. वाट्याला इंद्रायणीचा काठ येईल तसा कचरा डेपोचा शेजारही येईल. आणि त्या काठाचं आणखी एक त्रांगडं आहे. नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्यावर पाणकणीस पोसलं जातं आणि त्या पाणकणसात लाल मनोल्या रात्री उतरतात. नदी घाण राहावी असं कोणी म्हणणार नाही. पण काठ दगडी बांधून काढण्याआधी तिथं कोण उतरतं, हे कोणीतरी संध्याकाळी दोन्ही बाजूंना माणूस उभा करून मोजून ठेवलेलं असावं.

एक पथ्य मात्र पाळायचं. रानपक्षी पकडून विकण्यावर देशात १९९१ पासून बंदी आहे, तरी मनोल्यांचा चोरटा बाजार संपलेला नाही. वसाहतीचा फोटो काढून त्यासोबत ठिकाण समाजमाध्यमांवर टाकणं म्हणजे जाळं लावणाऱ्याला पत्ता देणं. पिंजऱ्यासाठी पकडल्या जाणाऱ्या काही जातींची नेमकी ठिकाणं ई-बर्डही सार्वजनिक नकाशावर दाखवत नाही. नोंद पूर्ण करावी, बढाई अर्धीच मारावी.

सगळ्यांत अवघड भाग येतो प्लॉटवर शेड उभी राहिल्यावर. गवत गेलं, मनोल्या गेल्या, आणि त्यांच्यामागे मोजणाराही जातो. नवा प्लॉट शोधतो, तिथं पुन्हा गवत, पुन्हा मनोल्या, यादी पुन्हा भरलेली. दहा वर्षांनी त्याच्या सगळ्या याद्या एकत्र केल्या तर मनोल्या जराही कमी झालेल्या दिसणार नाहीत, कारण त्या जिथं संपल्या तिथं तो नंतर गेलाच नाही. म्हणून एकदा धरलेली जागा सोडायची नाही. शेड झाली, डांबरी रस्ता झाला, तरी त्याच महिन्यात, त्याच वेळेला, तेवढीच पंधरा मिनिटं. यादीत कबुतर येईल, साळुंकी येईल, कावळा येईल, चिमणी आली तर नशीब. तेवढं सगळं लिहायचं आणि यादी 'पूर्ण' म्हणून खूण करायची. ही मोजणी गेटच्या बाहेर उभं राहून करता येते. फक्त आत सिक्युरिटीच्या केबिनमध्ये आधी सांगून ठेवावं, नाहीतर पंधरातली दहा मिनिटं मोजणी कसली, हे समजावण्यात जातात.